दिलेल्या मुलीही मोजाव्यात

मी, यामिनी शालिग्राम लांजेवार, वय एकतीस, अविवाहित, एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवणारी, राहणार तात्यापारा, रायपूर, छत्तीसगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण घरातल्या काही जणांना अलीकडे त्याबद्दल शंका येऊ लागली आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. दाखवला गेला तो गप्प बसण्यासाठी, आणि त्याची हकिकत पुढे आली आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. अ‍ॅडव्होकेट शिशिर पेंढारकर यांनी सुचवले होते की हा कागद हिंदीत करावा, म्हणजे उद्या कोर्टात भाषांतर लागणार नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरी मी मराठीत लिहिते. आमच्या घरात बाजार, बँक आणि दवाखाना हिंदीत चालतो, पण भांडण मराठीत होते. लिहायला आईने शिकवले. ती भंडाऱ्याची, सातवी शिकलेली. या घरातली पहिली पदवीधर मी. पदवी मिळाली त्या दिवशी बाबांनी सिलतऱ्याच्या पोलादाच्या प्लँटमध्ये आपल्या पूर्ण शिफ्टला पेढे वाटले होते. त्या पदवीचा उपयोग मी या कागदापुरता तरी करीन.

पेंढारकर साहेब असेही म्हणाले, "बेटा, मृत्युपत्रात इतकं लिहीत नाहीत. कोणाला काय द्यायचं तेवढं लिही." मी म्हटले, कोणाला काय मिळाले आहे तेही लिहावे लागेल, त्याशिवाय कोणाला काय द्यायचे ते कळणार नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि कोरे कागद माझ्याकडे सरकवले.

कलम २. माझा आजार. अठ्ठाविसाव्या वर्षी मला डाव्या स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, मी पुन्हा शाळेत जाऊ लागले. आता तो उजव्या बाजूला आला आहे. हा जुन्या रोगाचा फैलाव नाही, नवा रोग आहे, आणि काखेतल्या गाठींतही पोचला आहे. परवा शस्त्रक्रिया आहे. तीतून आणि पुढच्या औषधांतून मी पार पडेनच असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. मीही त्यांच्याकडून तसे वदवून घेतले नाही.

पहिल्या वेळी डॉक्टरांनी बाबांना विचारले होते, "आपके परिवार में पहले किसी को हुआ है?"

"नहीं साहब," बाबा म्हणाले, "लांजेवारों में किसी को नहीं."

कागदावर तसे लिहिले गेले. जनुकांची चाचणी महाग होती. घरात कोणाला नाही म्हटल्यावर ती मागे पडली.

माझे वडील शालिग्राम लांजेवार खोटे बोलले नाहीत, हे मी येथे लेखी देते. त्यांनी मनातल्या मनात मोजले. आजोबा, ते स्वतः, त्यांचे मोठे भाऊ नत्थूकाका, काकांचा मुलगा विशाल. एवढे झाले लांजेवार. त्यांच्या दोन सख्ख्या बहिणी त्या मोजणीत आल्या नाहीत, कारण त्या दिलेल्या होत्या. दिलेली मुलगी परिवारात धरत नाहीत. तिचे गोत्र बदलते, सुतक बदलते, आणि दवाखान्यात परिवार विचारला तर ती त्यात येत नाही. ही चूक माझ्या बापाची एकट्याची नाही. आम्हा सगळ्यांची आहे, आणि अशा चुकीने माणूस मरू शकतो.

या वेळी जनुकांबद्दल माहिती देणाऱ्या समुपदेशक बाईंनी प्रश्न वेगळा विचारला. त्या म्हणाल्या, "काका, परिवार छोड़िए. आपकी अम्मा ने जितने बच्चे जने, सबका नाम बताइए, बड़े से छोटे तक."

बाबा बोटांवर मोजू लागले. "कलावती. नत्थू. मैं. अनसूया."

"कलावती जी कहाँ हैं?"

"गोंदिया दी थी. नहीं रही."

"क्या हुआ था?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. "छाती में गाठ थी. कम उम्र थी, मैडम. लेकरं लहान होते तिचे."

"और अनसूया जी?"

"बालाघाट दी थी. पेट में पानी भरता था, निकालते थे, फिर भरता था." मग, बाईंचा पेन थांबलेला पाहून, बाबा त्यांना समजावून सांगू लागले, "पर वो दोनों तो उनके घर की थीं न."

 बाईंनी कागदावर दोघींचे दोन गोल काढले आणि रोगाची खूण म्हणून ते काळे केले. पोटात तसे पाणी अंडाशयाच्या कर्करोगात भरते. त्यांच्या शेजारी एक चौकोन काढला. तो बाबांचा होता. त्याच्या खालचा गोल माझा.

कलम ३. मला काय मिळाले आहे ते स्पष्ट करते. माझ्या रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-वन नावाच्या जनुकात बिघाड सापडला. हे जनुक प्रत्येक माणसात असते, बाईत आणि पुरुषातही. त्याची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणे आणि पेशीला भलतीकडे वाढू न देणे हे त्याचे काम. माझी एक प्रत जन्मापासून निकामी आहे. ती आईकडून आलेली नाही. आईचे रक्त तपासले, ते स्वच्छ निघाले.

बाबा क्रेन चालवतात. त्यांना मी त्यांच्याच क्रेनवरून सांगितले. "बाबा, तुमच्या क्रेनले ब्रेक किती?"

"दोन. एक फेल झाला तरी लोड खाली येत नाही."

"आपल्यात असंच हाये. मले एक ब्रेक जन्मापासूनच खराब भेटला. दुसरा होता तवर काही झालं नाही. मग एखाद्या पेशीत दुसराही गेला, अन् लोड सुटला."

बाबांनी हाताची नखे पाहिली. "एका ब्रेकवर क्रेन कोणीच चालवत नाही. बंद करतात. मेंटेनन्सले देतात." मग म्हणाले, "पण हा तर बायकांचा रोग हाये. माह्याकडून कसा येईन?"

"तुमच्याकडे बी तोच ब्रेक खराब असंन, बाबा. तुमचं लोड पडलं नाही, एवढंच."

"म्हणजे म्याच देल्लं तुले?"

मी म्हटले, तुम्ही दिले नाही, तुमच्यातून आले. त्यांना त्यात फरक वाटला की नाही मला माहीत नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

याच कलमात आणखी एक गोष्ट लिहायची आहे, कारण ती चुकीची समजली जाईल. हा बिघाड असलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असे नाही. आणि बापात हा बिघाड असला तर तो प्रत्येक मुलात उतरतोच असेही नाही. प्रत्येक मुलाच्या बाबतीत शक्यता अर्धी, मुलगा असो की मुलगी. ज्याच्यात उतरला आहे त्याला आधी कळले, तर वेळेवर तपासण्या करता येतात, काही अवयव आधीच काढून घेता येतात, आणि जगता येते. ज्याच्यात उतरलेला नाही तो सुटतो आणि त्याची मुलेही सुटतात. घरातला नेमका बिघाड एकदा सापडला की बाकीच्यांची चाचणी सोपी होते. माझा सापडला आहे. माझ्या आजाराचा एवढा तरी उपयोग करून घ्या.

कलम ४. नत्थूकाका, म्हणजे श्री. नत्थू लांजेवार, यांना मी माझ्या मालमत्तेतून काही देत नाही. त्यांना माझ्या अहवालाची एक प्रत द्यावी. त्यांच्यातही तोच बिघाड असू शकतो, आणि विशालची मुलगी तीन वर्षांची आहे.

पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा काका आमच्या बैठकीत सगळ्यांसमोर माझ्या आईला म्हणाले होते, "हे तुह्या माहेरचं आलं. आमच्यात असलं काही नव्हतं." आईने मान खाली घातली आणि ती तीन वर्षे वर केली नाही. ती भंडाऱ्याला माहेरी जायची बंद झाली. तिथल्या भाच्यांना हात लावायलाही घाबरू लागली. माझी विनंती आहे की काकांनी त्याच बैठकीत, तितक्याच मोठ्या आवाजात, आईची माफी मागावी. त्यांनी मागितली नाही तर माझ्या तेराव्याला त्यांना पानावर बसवू नये. यासाठी कायद्यात तरतूद नाही असे पेंढारकर साहेब म्हणतात. म्हणून ही जबाबदारी मी विशालवर टाकते. विशाल भैया, तू त्या दिवशी तिथे बसला होतास आणि हसला होतास.

कलम ५. माझी स्थावर मालमत्ता नाही. राहते घर बाबांचे आहे.

माझ्या कानांतले सोन्याचे टॉप्स आणि आजीकडून आलेली बोरमाळ आईला. तिने ती मोडू नये, लग्नात कोणाला देऊ नये, स्वतः घालावी. देवळात जाताना तरी घालावी.

माझा सूक्ष्मदर्शक, जो मी जुना विकत घेतला आणि जो शाळेच्या सूक्ष्मदर्शकापेक्षा चांगला आहे, शाळेच्या प्रयोगशाळेला. अट एवढीच की तो कपाटात कुलूप लावून ठेवू नये. मुलांच्या हातून काच फुटते. फुटू द्यावी.

माझी पुस्तके सहकारी शिक्षिका मीनल चौरागडे यांना मी आधीच देऊन टाकली आहेत, म्हणून ती या मृत्युपत्रात येत नाहीत. त्यांनी माझे आजारपणातले तास घेतले आणि त्याबद्दल एकदाही चहा पाजायला लावला नाही.

माझी स्कूटी धाकटी बहीण अनुश्री हिला.

बँकेतली रक्कम आणि भविष्यनिर्वाह निधी एकत्र करून त्यातून आमच्या आजीच्या पोटच्या चारही मुलांच्या वंशातल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीची, तिची इच्छा असल्यास, चाचणी करावी. यात दिलेल्या मुली, त्यांची मुले आणि त्यांच्या मुलींची मुलेही धरावीत. नाव, गाव, आडनाव, काहीही बदललेले असो. उरेल ते आईचे.

शस्त्रक्रियेत काढलेला माझा ऊतींचा नमुना आणि माझ्या तपासण्यांची माहिती संशोधनासाठी वापरण्यास माझी परवानगी आहे. माझे नाव लपवायचे कारण नाही.

कलम ६. व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझी आत्येबहीण स्नेहल हेडाऊ, राहणार गोंदिया, हिला नेमते. ती कलावती आत्याची मुलगी. आम्ही दोघी लहानपणी एका लग्नात भेटलो होतो, तेवढीच ओळख. समुपदेशक बाईंनी दोन गोल काळे केले त्यानंतर मी तिचा नंबर शोधून काढला. फोनवर मी म्हटले, "कलावती आत्याबद्दल बोलायचं होतं."

पलीकडून स्नेहल म्हणाली, "कलावती. किती वर्षांनी ऐकलं हे नाव. आमच्या घरी तिले विमला म्हणत. तिचं नाव कलावती होतं हे मले तिच्या तेरवीले समजलं, तुमच्या घरून कोणीतरी रडताना म्हणालं तवा."

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहितात. कलावती लांजेवारची विमला हेडाऊ झाली. अनसूयेचेही नाव बदलले असेल, ते शोधायचे बाकी आहे. दवाखान्याच्या कागदांवर त्या दोघी एकमेकींच्या कोणीच लागत नाहीत. म्हणून माझे सांगणे आहे की यापुढे आमच्या घरातल्या कोणत्याही मुलीचे नाव तांदळात बदलू नये. ज्यांना हौस आहे त्यांनी तेच नाव पुन्हा लिहावे.

स्नेहलने चाचणी करून घेतली. तिच्यात बिघाड नाही. आई गेली त्या वयाला पोचल्यापासून ती दरवर्षी मरणाची वाट पाहत होती. अहवाल आला तेव्हा ती फोनवर नुसती हसत राहिली. शेवटी म्हणाली, "यामिनी, आता मले म्हातारपणाची भीती वाटायले लागली वो! त्याची तर काही तयारीच केली नाही मी."

कलम ७. आता ज्या कारणासाठी मी हा कागद करते आहे ते.

अनुश्री पंचवीस वर्षांची आहे. बूढ़ापाऱ्यात कपडे शिवण्याचे तिचे स्वतःचे छोटे दुकान आहे. तिचे लग्न अच्युत बोंद्रे या भंडाऱ्याच्या मुलाशी ठरले असून ते मार्गशीर्षात आहे. मला दोनदा कर्करोग झाला हे तिला माहीत आहे. तो घरातून आलेला आहे, आणि तिच्यातही निम्मी शक्यता आहे, हे तिला माहीत नाही. माझा अहवाल आला तेव्हा बाबा, आई, नत्थूकाका आणि मी एवढेच घरी होतो.

काका म्हणाले, "लगीन मार्गशीर्षात हाये अन् ही ब्रेक-ब्रेक करून राहिली! पोट्टी शिकली म्हणजे घर फोडायले निघाली का?"

मी म्हटले, "काका, ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान हाये. आता कळलं तर तिले वाचता येते."

"अन् लगीन मोडलं तर? मग कोण करते तिच्याशी? तू करशील?"

"लगीन मोडलं तरी माणूस जिवंत राहते."

"हे तुह्यासारख्या बिनलग्नाच्या बाईनं सांगू नोको."

मी बाबांकडे पाहिले. काकांना उत्तर द्यायचे ते काम त्यांचे होते. बाबा म्हणाले, "होऊ दे ना लगीन. मग ती त्याइच्या घरची. मग त्याइचे लोक पाहतीन." आणि ते उठले, मला देवघरात घेऊन गेले, समईवर माझा हात धरला आणि म्हणाले, "अनुश्रीले यातलं काही सांगणार नाही म्हण."  ज्या हाताने ते टनांनी लोखंड उचलतात त्या हाताने माझा हात धरला होता. मी म्हटले. मी शपथ घेतली.

मेलेल्या माणसाची शपथ मोडत नाही, असा मी विचार केला. म्हणून मी लिहिते: माझ्या मृत्यूनंतर लगेच, तेराव्याची वाट न पाहता, व्यवस्थापक स्नेहल हेडाऊ हिने अनुश्रीला समोर बसवून सर्व काही सांगावे आणि तिला चाचणीला न्यावे. तेव्हा तिचे लग्न झालेले असो वा नसो. सासरच्यांनी अडवले तरी न्यावे.

कलम ८. वरील कलम लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचले. मृत्युपत्र मी मेल्यावर उघडले जाते. म्हणजे मी मेले तर माझ्या बहिणीचा जीव वाचू शकतो. मी जगले तर तिला कोणी काही सांगणार नाही. मी शपथेला बांधलेली, बाबा भीतीला, काका अब्रूला. परवाची शस्त्रक्रिया चांगली होवो असे आई देवापाशी म्हणत होती. तेव्हा माझ्या मनात आले की ती कोणत्या मुलीसाठी मागते आहे.

मी मरावे यावर माझ्या बहिणीचा जीव अवलंबून ठेवणे मला मान्य नाही. म्हणून मी कलम ७ मधील शेवटचा परिच्छेद रद्द करते. खाडाखोड केलेली नाही. आडवी रेघ मारून सही केली आहे.

कलम ९. वरची कलमे मी काल सकाळी लिहिली. दुपारी मी अनुश्रीच्या दुकानात गेले. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तिनेच माझे सगळे ब्लाउज उसवून डाव्या बाजूला आतून कापसाची गादी शिवून दिली होती. कोणी सांगितले नव्हते. या वेळचे माप घ्यायला तिनेच बोलावले होते. तोंडात टाचण्या धरून ती म्हणाली, "हात ऊपर करो दीदी. अच्छा है, अब दोनों साइड अपने हाथ की होंगी. पिछली बार भगवान वाली से मैच करने में जान निकल गई थी मेरी."

मी तिला सांगितले. उभ्या उभ्या, हात वर असतानाच.

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. "पापा को पता है?"

"हो."

"मम्मी को? नत्थू काका को?"

"हो."

"गोंदियावाली दीदी को, जिससे आजकल फोन पे लगी रहती हो?"

"हो."

"मतलब मेरे को छोड़के पूरे खानदान को पता है कि मेरे अंदर क्या हो सकता है." मग ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "और तुम? तुम क्या करने वाली थीं?"

मी मृत्युपत्राचे सांगितले.

"वा दीदी, मर के बतातीं!" ती ओरडली. बाहेर बाकावर बसलेली गिऱ्हाईक बाई उठून आत डोकावली. "सबसे ज्यादा पढ़ी-लिखी तुम, और इतना ही दिमाग चला? ब्लाउज की ट्रायल भी मरने के बाद देने आतीं?" आणि मग ती खाली बसली, मापाच्या टेपची गुंडाळी करू लागली, पुन्हा सोडू लागली. लहानपणी बोलायची तसे मराठीत म्हणाली, "मले भेव लागून राहिलं दीदी."

मी म्हटले, मलाही.

तिने दुकानातूनच अच्युतला फोन लावला. मी थांब म्हणत होते, आधी रिपोर्ट तर येऊ दे. ती म्हणाली, "रिपोर्ट के बाद बताऊँगी तो बोलेगा छुपाया. मैं किसी से कुछ नहीं छुपाती, तुम लोगों का खानदानी काम तुम लोग करो." तिने त्याला सगळे सांगितले, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत. तो म्हणाला, घरी बोलून कळवतो. हे लिहीपर्यंत त्याचा फोन आलेला नाही. आज सकाळी अनुश्रीने रक्त दिले.

शपथ मोडल्याचे मी स्वतः बाबांना सांगितले. समईवर माझा हात त्यांनी ठेवला होता म्हणून आधी त्यांनाच. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत. अनुश्रीने विचारले, "पापा, साथ में चलोगे ब्लड देने?" त्यांनी मान हलवली नाही. पण आज आम्हा दोघींना त्यांनीच मोटरसायकलवर आधी लॅबला आणि मग पेंढारकर साहेबांच्या ऑफिसला आणले. तिघे एका गाडीवर, अनुश्री मध्ये. ते आत आले नाहीत. रस्त्यापलीकडे गाडी लावून, पाठ इकडे करून उभे आहेत. लॅबमध्ये मात्र ते आत आले होते. अनुश्रीचा हात टेबलावर ठेवला होता, तो त्यांनी धरून ठेवला, आणि सुई काढल्यावर नर्सला विचारले, "उमर की कोई लिमिट है क्या इसमें?" नर्स म्हणाली, नाही. ते "अच्छा" म्हणाले. एवढेच.

कलम १०. साक्षीदार. एक साक्षीदार म्हणून मीनल चौरागडे आल्या आहेत. दुसरे शाळेतले सहकारी यायचे होते, ते आले नाहीत. अनुश्री म्हणाली, "मैं करती हूँ साइन."

पेंढारकर साहेब तिला म्हणाले, "बेटा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. पुढे कोणी शंका काढतं. तुझ्या नावावर स्कूटी आहे यात."

"तो स्कूटी काट दो. चाबी वैसे भी मेरे पास ही रहती है."

"आणि चाचणीचा निधी?"

"मेरा टेस्ट हो गया. मेरे को अब कुछ नहीं चाहिए इसमें से."

"विचार कर. साक्षीदाराला काहीच मिळत नाही."

अनुश्रीने त्यांच्या हातातला पेन घेतला. "वकील साहब, जे मिळायचं असन ते जन्माच्या वक्ती भेटलं असन. नाही भेटलं असन तर नाही. त्यात दीदीच्या सहीनं काही कमी-जास्त होत नाही. दाखवा, कुठे करू?"

म्हणून कलम ५ मधील स्कूटीसंबंधीचे वाक्य मी रद्द करते, आणि चाचणीच्या निधीतून अनुश्रीचे नाव वगळते. बाकी सर्व कलमे कायम आहेत.

हा कागद मी आज शुद्धीवर, दिवसाच्या उजेडात, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून त्यावर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकींसमोर सह्या केल्या. मी मेले तर हा कागद उघडावा. मी जगले तर यातले बहुतेक सगळे आधीच सांगून झालेले आहे, आणि ते मला अधिक पसंत आहे.

अनुश्रीचा अहवाल यायचा आहे.

मृत्युपत्र करणार:
(सही) यामिनी शालिग्राम लांजेवार

साक्षीदार १:
(सही) मीनल चौरागडे, शिक्षिका, रायपूर

साक्षीदार २:
(सही) अनुश्री शालिग्राम लांजेवार, शिवणकाम, बूढ़ापारा, रायपूर
नाते: सख्खी बहीण

स्थळ: रायपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४